नकाराचा आकडा

"ह्या काय लिवलेला असा, बाय?" अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नाक स्क्रीनला लावलं.

मी वाचून दाखवलं, "जरा दम धरा. गणपती येवचो असा."

"ता माका वाचूक येता गो. कालपासून ताच दिसता. गणपती अडाकलो खय?"

लवू अण्णा धुरी म्हणजे दशावतारातला नावाजलेला स्त्रीपार्ट. साठी उलटली तरी भुवया कोरलेल्या, केस मानेवर रुळणारे, वर पांढरी टोपी. अण्णांनी नऊवारी नेसून बाकड्यावर नुसतं बसायचं अवकाश, जत्रेतल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसून त्यांच्या निऱ्या दाखवायच्या. ते कंपनीच्या नाटकांच्या तारखा घेऊन आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये यायचे आणि मी त्या वेबसाइटवर भरायचे. कुडाळ बाजारात, चपलांच्या दुकानाच्या माडीवर आमची इन्स्टिट्यूट होती. मी तिथं मराठी टायपिंग आणि टॅली शिकवायचे. माझे वडील बांधकाम खात्यात, बदलीवर कोकणात आलेले. त्यामुळे मालवणी मला समजायची सगळी, पण बोलायला गेले की मुलं हसायची.

वेबसाइट रुपेशनं केली होती. रुपेश म्हणजे अण्णांचा मुलगा. माझ्याआधीपासून तो इन्स्टिट्यूटमध्ये होता आणि मला जे काही येत होतं ते त्यानं शिकवलेलं होतं. कुठल्या गावच्या जत्रेत कुठलं नाटक, कोण कुठला पार्ट करणार, हे त्या पानावर दिसायचं. पान कुठल्याशा भाड्याच्या सर्व्हरवर होतं, पण तारखांचा साठा, म्हणजे डेटाबेस, रुपेशच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर होता. त्या काळी हे स्वस्तात पडायचं. मग एके दिवशी तो बापाशी भांडला, कॉम्प्युटर खोक्यात घातला आणि गेला. कुठं गेला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. फोन बंद, ईमेलला उत्तर नाही.

पण वेबसाइट चालू होती. मी तारीख भरली की ती जाऊन त्याच्या कॉम्प्युटरमध्ये पडायची, मग तो जिथं कुठं असेल तिथं. याचा अर्थ अण्णांना मीच समजावला होता, आणि तेव्हापासून त्यांच्या तारखा जरा लांबायला लागल्या होत्या. "लिव गो, पाट गावात जत्रा. गर्दी बरी होती." मग थोडं थांबून, छताकडं बघत, "घसो बसलो हा, ता पण लिव." मी विचारलं, "अण्णा, लोकांना घशाचं कशाला?" तर म्हणाले, "लोकांक नको, पण लिव." मी लिहायचे. पान उघडलं की आम्हा दोघांना कळायचं की तो आहे, कुठंतरी विजेचं बिल भरतोय. अण्णा ते उघड बोलून दाखवायचे. मी बोलायचे नाही.

आणि आता पान उघडत नव्हतं. गणपती येवचो असा! दशावतारात गणपती आल्याशिवाय नाटक सुरू होत नाही, म्हणून रुपेशनं हौसेनं तो निरोप घालून ठेवला होता. काहीही बिघडलं तरी तेच एक वाक्य. वेंगुर्ल्याकडच्या एका देवस्थानवाल्यांनी तर कंपनी उशिरा येणार असं समजून दुसऱ्याच कंपनीला सुपारी दिली होती.

"सर्व्हर डाऊन," आमचे परब सर लांबूनच म्हणाले. परब सरांना कुठलीही गोष्ट विचारली की तेच उत्तर असायचं. एकदा पंखा बंद पडला तेव्हाही ते तसंच म्हणाले होते.

अण्णा गेले, पण दुसऱ्या दिवशी इन्स्टिट्यूट उघडायच्या आधीच जिन्यावर बसलेले दिसले. टोपी हातात होती. मी त्यांना टोपीशिवाय कधी पाहिलं नव्हतं.

"काय झालं अण्णा?"

"आमच्या पखवाजवाल्याक एक ट्रकवालो भेटलो. तीन दिसांमागे हुबळीकडे अपघात झालो म्हणता. कुडाळकडचो एक पोरगो गेलो." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "नाव तेका म्हाईत नाय. आणि हय ह्या यंत्र बंद पडला हा."

मला कुलूप उघडता येईना. अण्णांनीच माझ्या हातून किल्ली घेतली.

"तसं काही नसेल," मी म्हणाले. "वीज गेली असेल. इंटरनेटचं काही असेल."

"शनवारी पिंगुळीक हरिश्चंद्र-तारामती असा. तारामती मी." ते खुर्चीत टेकले. "मेलेल्या झिलाक, रोहिदासाक, मांडयेर घेवन रडाचा लागता. आजपर्यंत हजारांक रडवलंय. आता माका जमाचा नाय. मालकाक सांगान इलंय, दुसरो कोण बघ. झिलाचा काय ता कळल्याशिवाय मी तोंडाक रंग लावचंय नाय."

मालकाला दुसरा कोण मिळणार होता? तारामती म्हणजे लवू धुरी, हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होतं. पण मला त्या घटकेला नाटकाचं काही पडलेलं नव्हतं. मला एवढंच कळत होतं की कुणीतरी काहीतरी करायला हवं, आणि त्या खोलीत परब सर, अण्णा आणि मी एवढेच होतो. परब सर पेपर वाचत होते.

मी रुपेशची फाइल उघडली. वेबसाइटची भाषा, पीएचपी, मला येत नव्हती, म्हणजे त्यानं एकदा शिकवायला घेतलं होतं, पण मी शिकण्यापेक्षा त्याच्या बोटांकडंच जास्त बघत बसायचे. आता ती फी भरायची वेळ आली होती. त्याच्या कॉम्प्युटरशी जोडणीची ओळ सापडली. तिच्या पुढं त्यानं ते ईमेलमधलं वेटोळं चिन्ह लावलं होतं. मदतीचं पान उघडून वाचलं तेव्हा कळलं, की ते चिन्ह लावलं की ओळीची सगळी तक्रार गिळली जाते, लोकांना दिसत नाही. गिळलेल्या तक्रारीच्या जागी गणपती.

"मिळाला काय?" अण्णा.

"थांबा. चूक झाली की तिचा एक आकडा असतो. तो विचारायचा."

"कोणाक इचारतलंस?"

बरोबर मुद्द्यावर बोट ठेवलं त्यांनी. मी आकडा विचारणारं फंक्शन, म्हणजे एक तयार हुकूम, घातलं, पान उघडलं, तर काहीच नाही, कोरं. पुन्हा घातलं, पुन्हा कोरं. अर्धी सकाळ त्यात गेली. मग मदतीच्या पानावर खाली बारीक अक्षरात सापडलं. हे फंक्शन जोडणी झाल्यानंतरच्या चुकांसाठी होतं, आणि त्याला जोडणीच हातात द्यावी लागते. इथं जोडणीच झाली नव्हती. ज्याच्याशी गाठच पडली नाही, त्याला विचारणार कसं? तर त्यासाठी निराळं फंक्शन होतं. त्याच्या हातात काही द्यावं लागत नाही. ते फक्त सांगतं, शेवटची जोडणी का झाली नाही.

मी अण्णांना हे सगळं सांगितलं. त्यांना किती कळलं देव जाणे, पण "गाठच पडाक नाय" या शब्दांवर त्यांनी मान हलवली.

"आता ऐका," मी म्हणाले. "दोन आकडे महत्त्वाचे आहेत. २००२ आला तर पलीकडून कुणी बोलतच नाही. कॉम्प्युटर बंद किंवा..."

"किंवा?"

"किंवा कॉम्प्युटर नाहीच. आणि १०४५ आला तर कॉम्प्युटर आहे, त्यानं ऐकलं, पण आत घेत नाही म्हणाला. म्हणजे पासवर्ड चुकला."

"पासवर्ड म्हणजे?"

"एक शब्द असतो. तो सांगितला की आत सोडतात."

"आणि तो तुका म्हाईत असा?"

"हो," मी म्हणाले.

नवी ओळ घातली. पान उघडायच्या आधी अण्णांनी डोळे मिटून हात जोडले. मी बटण दाबलं. पांढऱ्या पानाच्या कोपऱ्यात आकडा उमटला.

१०४५.

मी पासवर्ड पुन्हा तपासला. एकही अक्षर चुकलेलं नव्हतं. तो शब्द माझ्याकडून चुकणं शक्यच नव्हतं.

"काय इला?" अण्णांनी डोळे उघडले नव्हते.

"अण्णा, तो आहे."

"आ?"

"जिवंत आहे! कॉम्प्युटर चालू आहे. आणि पासवर्ड आपोआप बदलत नाही. कुणीतरी बसून, स्वतःच्या हातानं बदलावा लागतो. त्यानं बदललाय. त्या अपघातानंतर, परवाच बदललाय, त्याच्या आदल्या दिवसापर्यंत चालत होता."

अण्णांनी डोळे उघडले, आकड्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "म्हणजे दार लावल्यान?"

"हो."

"आतसून?"

"आतून."

"अरे मग घरात असा मेलो!" अण्णा उठून उभे राहिले आणि परब सरांच्या हातातला पेपर त्यांनी ओढूनच घेतला. "परबानू, झील जितो असा माझो! नाय म्हणता! माका येव देणा नाय!" ते हसत होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. माझ्याही डोळ्यांतून वाहत होतं. अण्णांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "रडा नको गो बाय, आता कित्याक रडतंस?" मी म्हटलं, आनंदानं.

त्या दिवसापासून अण्णा रोज सकाळी यायला लागले. जिना चढतानाच विचारायचे, "आज पण नाय म्हणता?"

मी बटण दाबायचे. "म्हणतो अण्णा. १०४५."

"बरा झाला," म्हणायचे, आणि समोरच्या हॉटेलातून माझ्यासाठी चहा पाठवायचे. नकार आला म्हणून चहा पाजणारा माणूस मी त्यानंतर पाहिला नाही.

मग एकदा म्हणाले, "तू कोणाच्या नावान जातंस थय?"

"रुपेशनं ठरवून दिलेल्या नावानं."

"तेच्यापेक्षा माझा नाव घाल. नायतरी नायच म्हणतलो. माझ्या तोंडार म्हणूंदे."

मी एक वेगळंच पान केलं. त्यावर एकच चौकट, नाव लिहायची. पासवर्डची जागाच ठेवली नाही, कारण अण्णांकडं कुठला शब्द होता सांगायला? अण्णांनी एका बोटानं अक्षरं शोधून शोधून 'लवू' लिहिलं. १०४५. अण्णा खूश.

"एक सांगू का," मी म्हणाले. "परत पाठवलेल्या माणसाचं नाव पलीकडं कुठंतरी लिहिलं जातं बहुतेक. मालकानं बघितलं तर त्याला दिसेल, कोण येऊन गेलं ते."

अण्णांचा चेहरा गंभीर झाला. दुसऱ्या दिवसापासून ते खुर्चीत बसले की आधी टोपी सारखी करायचे, मग नाव लिहायचे.

दशावतारात लिहून दिलेली भाषणं नसतात. जे बोलायचं ते उभ्या उभ्या सुचावं लागतं. अण्णा रामायणातलं, महाभारतातलं, कुणाचंही दुःख तासभर बोलू शकत. पोटच्या पोराशी मात्र त्यांचं बोलणं ती दोन अक्षरं टाइप करण्याएवढंच उरलं होतं. एका सकाळी नकार येऊन गेल्यावर मी धीर करून विचारलं, "भांडण कशावरून झालं होतं?"

ते कीबोर्डवरून बोट फिरवत राहिले.

"तेका स्त्रीपार्ट करूचो होतो," ते म्हणाले. "लोकांची पोरा नाय म्हणतत, ह्येका करूचो होतो. एकदा चोरून माझी साडी नेसान उभो रवलो. बाय, काय सांगू तुका! मी तीस वर्सां केलंय, पण तेचा अंग माझ्यापेक्षा बरा. मान अशी वळवल्यान, माझ्या काळजात चर्र झाला."

"मग?"

"मग सगळ्या कंपनीसमोर म्हटलंय, तुझ्या अंगात नाय, तू यंत्राकडे जा." त्यांनी बोट उचललं. "माका बाजारात लोका काय काय म्हणत, तुका म्हाईत नाय. तेच्या आवशीक हळदीकुंकवाक बोलवणत नाय होती. तेका तसा कोणी म्हणूक नको, म्हणान मीच तेका म्हटलंय. तो माझ्या तोंडाकडे बघीत रवलो आणि साडी घडी करून पेटाऱ्यात ठेवल्यान. घडी पण कशी, कडाक कड लावन."

चहा येऊन गार झाला.

मालकानं पिंगुळीचं नाटक आठवडाभर पुढं ढकललं होतं. देवस्थानचे लोक तारामतीसाठी अडून बसले होते, नवी तारीख त्यांनी पेपरात छापूनही टाकली होती. अण्णा अजून हो म्हणाले नव्हते. पोर जिवंत आहे हे कळलं, पण दाराबाहेर उभं राहून तारामती कशी करायची, म्हणायचे. असं चाललं असताना एका सकाळी अण्णांनी टोपी सारखी केली, नाव लिहिलं, आणि एकदम माझा दंड धरला.

"बाय! बाय गो, ह्या बघ!"

कोपऱ्यात आकडा होता, ०.

"शून्य इला," अण्णा म्हणाले. "नायसो झालो? गेलो काय गो माझो झील?"

"नाही अण्णा, नाही!" मी जवळजवळ ओरडलेच. "शून्य म्हणजे तक्रार नाही! चूक नाही! दार उघडलं!"

"शब्द न सांगता?"

"त्यानं तुमच्या नावाचं दार केलंय. नुसतं लवू म्हटलं की उघडतं. शब्द नको, काही नको."

मी घाईघाईनं तारखांची यादी त्या पानावर आणली. जुन्या सगळ्या नोंदी होत्या. पाटची गर्दी होती, बसलेला घसा होता. सगळ्यात खाली एक नवी ओळ होती, मी न भरलेली. शनिवार, पिंगुळी, हरिश्चंद्र-तारामती. तारामती: लवू धुरी. आणि त्यापुढं, जिथं अण्णा गर्दीचं आणि घशाचं लिहायला लावायचे तिथं, दोनच शब्द होते.

अण्णांनी ते स्वतः वाचले, बोट ठेवून. "बघूक येतंय."

परब सर पेपर खाली ठेवून आमच्यामागं येऊन उभे राहिले होते. सर्व्हरबद्दल ते काही बोलले नाहीत.

नाटकाला मी गेले नाही. घरी विचारलं असतं तर पाठवलंही असतं, पण मी माझा एक हिशेब केला होता. तो बापाला भेटेल, नाटक बघेल, आणि दुसऱ्या दिवशी इन्स्टिट्यूटचा जिना चढून येईल. ज्या खोलीत आम्ही दोघं इतके दिवस शेजारी बसलो, तिथं तो येणारच. रविवारची सुट्टी असताना मी किल्ली मागून घेतली, झाडून काढलं, आकाशी ड्रेस घातला आणि त्याच्या जुन्या खुर्चीसमोर जाऊन बसले. खाली चपलांचं दुकान उघडल्याचा आवाज आला. जिन्यावर पावलं वाजली.

अण्णा होते. कानाजवळ रंग तसाच राहिला होता, डोळे सुजलेले, आणि चेहरा असा, की मला बरं वाटलं, तरी मी त्यांच्यामागं जिन्याकडं पाहिलं.

"इल्लो गो! बापयांच्या गर्दीच्या मागे, पार मागे उभो होतो. मी रोहिदासाक मांडयेर घेतलंय आणि समोर बघतंय तर झील! काय बोललंय ता माका आठवणा नाय. लोका म्हणतत, असा भाषण कधी ऐकूक नाय."

"बोललात त्याच्याशी?"

"बोललंय. म्हटलंय, तुझा अंग माझ्यापेक्षा बरा होता. सगळ्या कंपनीसमोर म्हटलंय, जसा तेवा म्हटलेलंय तसाच." अण्णांनी नाक पुसलं. "बायल हाडल्यान हा वांगडा. गेल्या म्हयन्यात लगीन केल्यान. बेळगावची असा, बरी असा पोरगी. आवशीक नमस्कार केल्यान. सकाळच्या गाडीन गेली दोघाय, रजा नाय म्हणत होतो."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं.

"माझं..." मी म्हणाले. "हे पान कुणी केलं, विचारलं असेल त्यानं."

"इचारल्यान तर! मी सांगलंय, तुमच्या नूतनन केल्यान. तिना नसता केला तर आज खयचो मी आणि खयचो तू."

"मग?"

"मग काय, गप रवलो. वाईच येळान म्हणालो, तिका सांगा, बरा केल्यान." अण्णांनी पिशवीतून केळीच्या पानात बांधलेला प्रसाद काढून माझ्या हातावर ठेवला. "घे गो बाय. तुझा काम मोठा झाला."

मी प्रसाद घेतला. अण्णा जिना उतरेपर्यंत मी हसत होते, ते मला पक्कं आठवतं.

जाताना रुपेश मला म्हणाला होता, "तू पासवर्ड बदलू नको. मी पण बदलूचंय नाय." आमच्यात त्यापलीकडं कधी काही बोलणं झालं नव्हतं, आणि मला त्यापलीकडं काही लागलंही नव्हतं. कारण तो पासवर्ड म्हणजे माझं नाव होतं. नूतन. त्यानं माझ्यासमोर टाइप केलं होतं, हळू, मला प्रत्येक अक्षर दिसावं म्हणून. तो गेल्यावर रोज सकाळी माझ्या नावानं त्याचं दार उघडायचं, आणि मी त्यावर जगायचे. ज्या सकाळी १०४५ आला, त्या सकाळी अण्णांना मुलगा परत मिळाला आणि मला कळलं की त्यानं माझं नाव पुसलं.

पुढं वडिलांची बदली झाली. मी पुण्याला आले, शिकले, आता दिवसभर याच आकड्यांच्या संगतीत असते. लग्न झालं, बरं झालं. अण्णा गेल्याचं परब सरांनी कळवलं. शेवटपर्यंत तारखा स्वतः भरायचे म्हणे.

मध्यंतरी ऑफिसात एका नव्या मुलीला जोडणीच्या चुका समजावून देत होते. ती जेवायला गेली आणि मी सहज, म्हणजे अजिबात सहज नव्हे, तो जुना पत्ता लिहिला. पासवर्डच्या जागी माझं नाव लिहिलं आणि बटण दाबलं. पान बराच वेळ फिरत राहिलं.

२००२ आला. पलीकडं कुणी नव्हतं.

१०४५ आला असता, तर मी त्या पोरीला चहा पाजला असता.